वाचक विचारतात : जुन्या वळणाची मोटारसायकल

मागच्या अंकात मी माझ्या मोटारसायकलीविषयी लिहिलं होतं. साडेतीनशे सीसीचं एकच सिलिंडर, वाऱ्यावर थंड होणारं इंजिन, गोल हेडलाइट, तारांची चाकं, गडद हिरवी टाकी. रूप १९५० च्या दशकातलं, पण माझ्याकडे ती कोरी आली नऊ वर्षांपूर्वी. तेव्हापासून आम्ही दोघी ६४ हजार किलोमीटर चाललो आहोत. त्या लेखावर आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. बाकीच्या बऱ्याच पत्रांतल्या शंका याच सहांच्या आसपासच्या आहेत, म्हणून त्यांना वेगळं उत्तर देत नाही.

ताई, जुन्यासारखी दिसणारी नवी गाडी म्हणजे सोंगच नाही का? घ्यायची तर खरी जुनीच घे, असं माझे मित्र म्हणतात. (वय २४)

गोल टाकी आणि क्रोमचा सायलेन्सर लावला आणि आत भलत्याच स्वभावाचं इंजिन बसवलं, तर तुमच्या मित्रांचं खरं आहे. पण जुन्या गाडीचं जुनेपण रूपापेक्षा चालीत असतं, आणि चाल नव्या गाडीतही राखता येते. म्हणून मी कुठल्याही अशा गाडीचे फोटो बघण्याआधी दोन आकडे बघते : सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरून खाली जेवढं अंतर जातो ते.

ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीची बॉनव्हिल घ्या. ती १९५९ साली आली. नाव मिळालं ते अमेरिकेत युटामध्ये असलेल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावरून. तिथे १९५६ मध्ये जॉनी ॲलन यांनी ट्रायम्फचं ६५० सीसीचं इंजिन बसवलेल्या बंदिस्त, लांबट गाडीतून ताशी २१४ मैल, म्हणजे सुमारे ३४४ किलोमीटरचा वेग गाठला होता. त्या पहिल्या बॉनव्हिलच्या सिलिंडरचा व्यास ७१ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८२. पुढे १९८३ मध्ये ट्रायम्फचा इंग्लंडमधला मेरिडनचा कारखाना बंद पडला, नावाचे हक्क उद्योजक जॉन ब्लूर यांच्याकडे गेले, तिथल्याच हिंक्लीला नवा कारखाना उभा राहिला आणि २००१ मध्ये बॉनव्हिल परत आली. रूप ओळखीचं होतं, पण आता व्यास ८६ आणि स्ट्रोक ६८. पहिलीचा पिस्टन लांब ढांगा टाकणारा, दुसरीचा आखूड पावलांनी भरभर जाणारा. दुसरी वाईट आहे असं नाही, उलट जास्त मजबूत आणि जास्त वेगवान आहे. पण तिची चाल पहिलीची नाही. नंतर तिचा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं तेव्हा त्याचे भाग बाहेरून कार्ब्युरेटरसारखे दिसतील असे घडवले गेले. तिथे मला तुमच्या मित्रांचं म्हणणं पटतं. जो भाग नाहीच, त्याचा आकार कशाला हवा?

आता रॉयल एनफिल्डकडे बघा. जुन्या ३५० बुलेटचा व्यास ७० आणि स्ट्रोक ९०. २०२१ मध्ये नव्या इंजिनाची क्लासिक ३५० आली तिचा व्यास ७२ आणि स्ट्रोक ८५.८. आतलं जवळजवळ सगळं बदललं. व्हॉल्व्ह ढकलणारे लांब दांडे, म्हणजे पुशरॉड, गेले, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम वर सिलिंडरच्या डोक्यात गेला, धक्के शोषायला बॅलन्सर शाफ्ट आला. पण पिस्टनची लांब ढांग त्यांनी ठेवली. याला मी सोंग म्हणणार नाही. आणि यामाहाची एसआर ४०० तर तिसऱ्याच जातीची. ती १९७८ मध्ये निघाली आणि मधले खंड धरून २०२१ पर्यंत निघत राहिली, शेवटपर्यंत किकवरच सुरू होणारी. पिस्टन किक मारायच्या योग्य जागी आला की नाही हे बघायला तिच्या सिलिंडरच्या डोक्यावर एक बारीकशी काच आहे. तिने कुणाचीच नक्कल केली नाही. काळ पुढे गेला आणि ती होती तिथेच उभी राहिली.

गाडी चालवून बघायला मिळाली, तर सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ४० च्या आसपास या आणि पिकअप हळूच उघडा. इंजिन कुरकुर न करता, एकेक ठोका मोजत वर चढलं तर गाडी आतूनही जुन्या वळणाची आहे. खालचा गिअर टाकल्याशिवाय ती हलतच नसेल तर जे जुनं आहे ते पत्र्यापुरतं.

खऱ्या जुन्या गाडीबद्दल एवढंच सांगते. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्रिटिश गाड्यांना गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. एका स्नेह्यांची तशी गाडी मी चालवायला घेतली, पहिल्याच वळणावर उजवा पाय सवयीने दाबला आणि ब्रेक लागण्याऐवजी गिअर बदलला. रस्ता रिकामा होता म्हणून निभावलं. त्याशिवाय ठिणगी केव्हा पडायची ते ठरवणाऱ्या पॉइंटची फट ठेवायची, तीही ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान, आणि पुढचा ड्रम ब्रेक किती धरतो याचा रोज नव्याने अंदाज घ्यायचा. हे सगळं करायला हात आसुसलेले असतील आणि रोजच्या कामाला दुसरं वाहन असेल, तर जरूर जुनी घ्या. तुमची ही पहिलीच गाडी असेल तर नवी घ्या. आधी रस्ता शिका, पाने-पकडी चालवायला नंतर शिकता येईल.

माझी उंची १५२ सेंटिमीटर आहे. मला आवडलेली गाडी १९५ किलोची. घरचे म्हणतात, तुला पेलणार नाही. तुम्ही कसं जमवलंत?

माझी उंची १५७ आणि गाडी १९२ किलो. म्हणजे आपण दोघी एकाच घाटणीच्या. या प्रश्नाला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे, कारण हा विचारणाऱ्या बायकांना बहुतेक वेळा नुसतं 'जमेल गं' किंवा 'नाही जमणार' एवढंच ऐकायला मिळतं.

पहिल्या वर्षी मी गाडी तीनदा पाडली. चालत्या गाडीवरून एकदाही नाही, तिन्ही वेळा थांबताना. पहिल्यांदा हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला. दुसऱ्यांदा साइड स्टँड पूर्ण पुढे गेला नव्हता. तिसऱ्यांदा उतारावर थांबले आणि पाय नेमका बारीक खडीवर पडला. तिसऱ्यांदा ती पडली तेव्हा मी तिच्याशेजारी रस्त्याच्या कडेला बसले आणि तिन्ही वेळा काय झालं ते डोक्यात परत चालवून पाहिलं. माझी ताकद कमी पडली म्हणून ती एकदाही पडली नव्हती. प्रत्येक वेळी मी तिला तिच्या तोलाबाहेर जाऊ दिलं होतं, आणि १९२ किलो एकदा तोलाबाहेर गेले की सहा फुटी माणसालाही ते आवरत नाहीत. सरळ उभी असलेली तीच गाडी मात्र दोन बोटांवर उभी राहते. तुम्हाला शिकायचं आहे ते हेच, की तिला त्या दोन बोटांच्या हद्दीतच ठेवायचं.

त्यासाठी मी महिनाभर रोज वीस मिनिटं मोकळ्या मैदानात गाडी बंद ठेवून नुसती ढकलली. तिच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, कंबर सीटला टेकवायची, दोन्ही हात हँडलवर, आणि गाडी किंचित आपल्याकडे झुकलेली. पुढे न्यायची, मागे आणायची, मग आठाच्या आकड्यात फिरवायची. आठवड्याभरात कमरेला कळायला लागतं की ती कुठे जड होते. इंजिन चालू करून जे शिकलात त्याच्या दुप्पट या ढकलण्यात शिकाल, याची मी खात्री देते.

थांबताना हँडल सरळ असू दे. चालण्याच्या वेगात असताना पुढच्या ब्रेकला हात लावू नका, मागचा वापरा आणि क्लच अर्धवट धरून ठेवा. दोन्ही पायांचे अंगठे टेकवत थांबण्यापेक्षा सीटवर किंचित सरकून डावा पाय पूर्ण तळव्याने टेकवा, उजवा ब्रेकवर राहू द्या. पाय टेकवायच्या आधी जमीन बघा : खडी, तेलाचा डाग, ओली पानं, खळगा. माझी नजर आता थांबण्याच्या पाच मीटर आधीच आपोआप खाली जाते. पार्क करताना उताराकडे तोंड करून भिंतीला भिडवू नका, कारण परत निघताना ती तुम्हाला चढावर मागे ओढावी लागेल. तोंड चढाकडे ठेवा आणि पहिल्या गिअरमध्ये सोडा.

मधल्या स्टँडवर गाडी हातांनी उचलायची नसते. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला एकाच वेळी टेकले की नाही ते तळव्याला जाणवू द्या, मग त्या पायावर आपलं सगळं वजन उभं टाका. हात फक्त दिशा देतात. गाडी आपणहून मागे सरकून वर बसते.

आणि पडलीच तर? आधी इंजिन बंद करा. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड अगोदरच उघडून ठेवा, म्हणजे उभी झाल्यावर ती पलीकडे जाणार नाही. शक्य असेल तर गिअरमध्ये टाका. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला कंबर टेकवून बसल्यासारख्या व्हा. एका हाताने हँडलची खालची मूठ, दुसऱ्या हाताने मागचा कॅरिअर किंवा चेसिसचा दांडा धरा. पाठ ताठ ठेवा आणि लहान लहान पावलं टाकत मागे चाला. जोर पूर्ण मांड्यांचा हवा, कमरेचा नाही. मी ही रीत शिकले ती जुन्या गाद्या खाली अंथरून, मुद्दाम गाडी त्यांवर आडवी करून. तुम्हीही तसंच करा. पहिल्यांदा एकटीने उभी केलीत ना, की त्या दिवसापासून रस्त्यावरची अर्धी भीती जाते.

सीटचा फोम दोन सेंटिमीटर कापून घेतला तर मोठा फरक पडतो. जाड तळाचे, घोट्याच्या वर येणारे बूट घ्या. सस्पेन्शन खाली करून घेण्याच्या मात्र मी विरोधात आहे. साइड स्टँडचा कोन बिघडतो, गाडी नको तेवढी सरळ उभी राहते आणि वळणावर पायदान लवकर घासतं.

८५-९० च्या पुढे गेलं की हात बधिर होतात. गाडीत दोष आहे का?

कदाचित नाही. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन एकटाच वर-खाली जातो. त्याला उत्तर म्हणून क्रँकवर, म्हणजे पिस्टनच्या ये-जा करण्यातून गोल फिरणाऱ्या दांड्यावर, वजन ठेवलेलं असतं, पण त्या वजनाने धक्का पूर्ण मारायला गेलं तर तोच धक्का उभ्याचा आडवा होतो. म्हणून कारखाना मधला मार्ग काढतो, आणि नव्या गाड्यांत उलट फिरणारा बॅलन्सर शाफ्ट उरलेलं काम करतो. तरीही गणित बदलत नाही : पिस्टनच्या वजनाचा धक्का फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. फेरे दीडपट झाले की धक्का सव्वादोनपट. ९० मिलिमीटरचा स्ट्रोक मिनिटाला ५००० फेऱ्यांवर पिस्टनला सरासरी सेकंदाला १५ मीटर पळवतो, तोही प्रत्येक टोकाला थांबून परत फिरत. ६० वर मऊ वाटणारी गाडी ९० वर झिणझिण्या आणते ती यामुळे.

माझ्या गाडीला ६५ ते ७८ हा पट्टा आवडतो. त्यात टाकीवर ठेवलेली तळहाताची बाजूसुद्धा शांत असते. दिवसाला तीनशे किलोमीटरचा बेत मी या पट्ट्यावर आखते आणि दर ७० किलोमीटरला उतरते. मूठ हातात पाखरू धरल्यासारखी धरा. बधिरपणाचा मोठा भाग इंजिनातून नाही, आपल्याच आवळलेल्या बोटांतून येतो. हँडलच्या टोकांना वजनं लावून झिणझिण्या थोड्या कमी होतात.

पण कंप *नव्याने* आला असेल, किंवा जागा बदलली असेल, तर थांबा. दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या पायदानात ६० च्या आसपास एक बारीक गुणगुण सुरू झाली. मी चारशे किलोमीटर ती कानाआड केली. शेवटी गाडी धुताना दिसलं की इंजिन पुढच्या बाजूने चेसिसला धरणाऱ्या बोल्टचा नट गळून गेला होता आणि बोल्ट निम्मा बाहेर आला होता. तेव्हापासून दर हजार किलोमीटरला टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना) घेऊन मी ते सगळे बोल्ट तपासते, आणि प्रत्येकावर रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवली आहे. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.

तारांच्या चाकांना ट्यूबलेस टायर का बसत नाहीत? पंक्चर झालं की फार हाल होतात.

प्रत्येक तारेचं निपल, म्हणजे तार आवळणारा टोकाचा नट, रिममधून आरपार जातं, त्या भोकांतून हवा निसटते, म्हणून आत ट्यूब लागते. तारा रिमच्या कडेला बसवलेली किंवा आतून सील केलेली चाकंही मिळतात, त्यांना ट्यूबलेस चालतो. साध्या चाकावर दूर जाणार असाल तर पुढच्या-मागच्या मापाची एकेक ट्यूब, तीन टायर लिव्हर आणि पंप जवळ ठेवा, आणि घरी एकदा चाक काढून घालून बघा. मला पहिल्यांदा दीड तास लागला होता, आता पस्तीस मिनिटं लागतात.

पंक्चरपेक्षा तारांकडे लक्ष द्या. महिन्यातून एकदा गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मागचं चाक हळू फिरवा आणि लहानशा पान्याने प्रत्येक तारेवर टिचकी मारा. घट्ट तार *टिंग* वाजते, सैल तार *थड*. सगळ्यांचा सूर जवळजवळ सारखा हवा. हे काम मी रविवारी सकाळी करते, रस्त्यावर अजून आवाज सुरू झालेले नसतात तेव्हा, आणि मला ते फार आवडतं.

काकू, मला सायलेन्सर बदलून मोठ्या आवाजाचा टाकायचा आहे. त्याशिवाय या गाडीत मजा नाही असं सगळे म्हणतात. (वय १९)

तू मला काकू म्हटलंस, म्हणून तुला 'तू' म्हणूनच सांगते. टाकू नकोस.

तुला जो आवडतो तो मोठा आवाज नाही, तो ठेका आहे. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांमागे एकदाच स्फोट होतो. जागेवर उभी असताना मिनिटाला हजार फेरे असतील, तर सेकंदाला आठच्या आसपास ठोके. कानाला ते जवळजवळ वेगळे ऐकू येतात, म्हणून ही गाडी बोलल्यासारखी वाटते. दोन सिलिंडरच्या गाड्यांतही हेच बघ. जुन्या ब्रिटिश ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली जात आणि ठोके समान अंतरावर पडत. हल्लीच्या पुष्कळ ट्विनमध्ये क्रँक २७० अंशांवर असतो. तिथे एक ठोका २७० अंशांनी आणि पुढचा ४५० अंशांनी येतो, म्हणून तो लंगडा, लयदार आवाज. हे सगळं क्रँकमध्ये ठरतं. मोकळा सायलेन्सर तो ठेका बदलत नाही, त्याच्यावर गोंगाट ओततो.

मी हे ऐकीव सांगत नाही. दुसऱ्या वर्षी मी मोकळा सायलेन्सर बसवला होता. अकरा आठवडे राहिला. इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडू लागलं, पिकअप सोडला की फटाके वाजू लागले, आणि ३५-४० वर जी गाडी शांतपणे ओढायची ती आता खालचा गिअर मागायला लागली. म्हणजे ज्यासाठी मी ही गाडी घेतली तेच गेलं. वर टॅपेटचा आवाज, चेनचा आवाज, काहीच ऐकू येईना. चेन कोरडी पडून करकरत होती हे मला शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याने सांगितलं. मूळ सायलेन्सर मी माळ्यावर जपून ठेवला होता, तो त्याच संध्याकाळी परत चढवला. आणि पहाटे निघताना ज्यांची झोप मोडत होती त्या शेजाऱ्यांची मी घरोघर जाऊन माफी मागितली.

हौस करायचीच असेल तर चांगले बूट, हातमोजे आणि डोक्याला नीट बसणारं पूर्ण हेल्मेट घे. कानात मऊ बोळेही घाल. वेग वाढला की हेल्मेटभोवतीचा वाराच इंजिनापेक्षा मोठा होतो आणि वर्षानुवर्षं तो सोसून कान जातात. बोळे घातल्यावर ठेका उलट जास्त स्वच्छ ऐकू येतो. एकदा करून बघ आणि मला लिही.

वडिलांची ३५० सीसीची गाडी बारा वर्षं उभी आहे. ते गेल्यापासून कुणी सुरू केलेली नाही. आई अजून दर आठवड्याला तिच्यावरची धूळ पुसते. मला ती चालवायची आहे. सुरुवात कुठून करू?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिली गोष्ट, किक मारू नका. नव्या पेट्रोलचे दोन थेंब टाकून दहा किका मारल्या की सुरू होते, असं सांगणारे भेटतील. बारा वर्षांत सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल उतरून गेलेलं असतं, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असू शकतात, आणि त्या कोरड्या ओढल्या तर भिंतीवर ओरखडे पडतात.

प्लग काढा. भोकातून दहा मिलिलिटर पातळ ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी मधल्या स्टँडवर घेऊन, सर्वांत वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने अगदी सावकाश फिरवा. पिस्टन हलला तर उत्तम. अडला तर जोर करू नका, पुन्हा ऑइल सोडा आणि आणखी दोन दिवस थांबा. घाईने इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

जुनं पेट्रोल काढून टाका, त्याला वार्निशासारखा वास येत असेल. टाकीत टॉर्चने बघा. गंज दिसला तर टाकी साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर तो सगळा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकांत, जाऊन बसेल. कार्ब्युरेटर उघडून जेट आणि तळाची वाटी धुवा. पेट्रोलची रबरी नळी वाकवून बघा, भेगा दिसल्या तर बदला. इंजिन ऑइल काढून नवं भरा. तुमच्या गाडीत ऑइल वेगळ्या कप्प्यात राहणारी रचना असेल, तर इतक्या वर्षांत ते पाझरून खाली क्रँकपाशी जमलेलं असेल, तेही बाहेर काढा. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असण्याचीही शक्यता मोठी. ब्रेक, केबल आणि चेन चालवण्याआधी खोलून बघायच्याच.

टायर कितीही चांगले दिसले तरी बदला. कडेला चार आकडे कोरलेले असतात : १२०८ असेल तर २००८ सालचा बारावा आठवडा. रबर उभं राहूनही म्हातारं होतं.

रंगाला हात लावू नका, निदान वर्षभर तरी. टाकीच्या दोन्ही बाजूंना, गुडघे टेकतात तिथे, रंग उडालेला असेल. डाव्या मुठीचं रबर एकाच बाजूने झिजलेलं असेल, किकच्या दांड्यावर बुटाची खूण असेल. त्या जागा तुमच्या वडिलांनी झिजवल्या आहेत. नवा रंग केव्हाही देता येतो, उडालेला रंग परत उडवता येत नाही. पहिल्या दिवशी सीटवर बसाल तेव्हा गुडघे आपोआप त्याच जागी जातात का, ते बघा.

सगळं झालं की प्लग लावण्याआधी इग्निशन बंद ठेवून वीस-पंचवीस किका हलक्या मारा, ऑइल वर चढू द्या. मग प्लग लावा, चोक ओढा, गाडी उघड्यावर घ्या. सुरू झाली की दोन मिनिटांत बंद करा, ऑइलची पातळी बघा, खाली काही गळतंय का ते बघा, मग पुन्हा.

आणि त्या दिवशी पहिली किक मारायच्या आधी घरात जाऊन आईंना सांगा. बारा वर्षांनी तो आवाज त्यांच्या कानावर अचानक पडू देऊ नका. यायचं असेल तर त्यांना बाहेर खुर्ची मांडून द्या.